एमएक्स-५ (मियाटा) १.८, मूळ इंजिन न उघडता टर्बो: काय लागतं, कुठे फसतं
(फोरमवरची चर्चा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

हेडलाइट
गाडी: माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १.८ लिटर बीपी इंजिन, ९.० कॉम्प्रेशन, मूळची साधारण १३० एचपी. इंजिन उघडायचं नाही. पिस्टन, रॉड, हेड गॅस्केट सगळं कंपनीचंच राहणार. क्रँकवर २०० एचपी हवेत, त्याहून जास्तीची हाव नाही. रोज चालवता यायला हवी.

हाताशी असलेलं सामान: गॅरेट जीटी२५६०आर टर्बो (बॉल बेअरिंग, टी२५ फ्लँज, आत वेस्टगेट म्हणजे जास्तीचा धूर टर्बाइनला वगळून सोडणारी झडप), बिडाचा मॅनिफोल्ड, ६३ मिमीचा डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप). इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा), इंजेक्टर, ईसीयू (इंजिनचा संगणक) अजून ठरवलेलं नाही. मूळ ईसीयूवर भागेल का? इंजेक्टर किती सीसीचे घ्यावेत? आणि कुठला भाग सगळ्यात आधी दगा देतो, हे जाणकारांनी सांगावं.

नटबोल्ट
टर्बो बाजूला ठेवा, आधी इंजिनची तब्येत बघा. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, अशा स्थितीत कॉम्प्रेशन तपासा. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, तो १० टक्क्यांच्या आत हवा. मग लीकडाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं. २० टक्क्यांच्या वर गळती असेल तर हवा कुठून सुटतेय ते कान लावून ऐका. तेलाच्या झाकणातून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

थकलेल्या इंजिनवर टर्बो लावला की दोष टर्बोच्या नावावर जातो. रिंगांतून उतरणारी हवा बूस्टमध्ये (टर्बो वातावरणापेक्षा जास्त दाब देतो तेव्हा) दुप्पट होते, ऑइल चेंबरमध्ये दाब साठतो आणि पहिल्या आठवड्यातच मागचं क्रँक सील गळायला लागतं.

गणिती
२०० एचपीला किती बूस्ट लागेल हे अंदाजाने ठरवायची गरज नाही, हिशोब सोपा आहे.

बूस्टवरचं पेट्रोल इंजिन दर एचपीला तासाला साधारण पाव किलो पेट्रोल पितं. २०० एचपी म्हणजे तासाला ५० किलो. पूर्ण थ्रॉटलला एक भाग पेट्रोलला १२ भाग हवा धरू, म्हणजे तासाला ६०० किलो हवा, मिनिटाला १० किलो.

आता इंजिन स्वतः किती ओढतं? १८३९ सीसी, ६५०० आरपीएम, दोन फेऱ्यांत एकदा भरतं, भरण्याची कार्यक्षमता ९२ टक्के. मिनिटाला साडेपाच घनमीटर होतात. एवढ्या जागेत १० किलो हवा बसवायची तर घनता १.८२ किलो प्रति घनमीटर हवी. मॅनिफोल्डमधली हवा ५५ अंशांवर असेल तर १ बारला तिची घनता १.०६ असते. भागाकार केला की १.७१ बार येतात. वातावरणाचा १ वजा केला की ०.७ बार बूस्ट.

इंटरकूलर आणि पाइपांत ०.१ बार जातो, फिल्टरपाशी थोडा. म्हणजे कॉम्प्रेसरला दाब साधारण १.८७ पट करावा लागतो. हा प्रवाह आणि ही पट जीटी२५६०आरच्या कॉम्प्रेसर नकाशात (प्रवाह आणि दाबाच्या आलेखात) आरामात बसते. थोडा मोठाच आहे खरं तर. जीटी२५५४आर खाली लवकर भरला असता, पण तुमच्या कामाला हाच बरा, कारण पुढे रॉडचा विषय निघेलच.

हेडलाइट
वा, हिशोब समजला. पण ५५ अंश कुठून आले? आणि इंटरकूलर टाळून ०.४ बारवर चालवली तर?

गणिती
बाहेरची हवा ३० अंश धरा. ७२ टक्के कार्यक्षमतेचा कॉम्प्रेसर ती १.८७ पट दाबतो तेव्हा तापमान ८० अंशांनी वाढतं, म्हणजे बाहेर पडताना ११० च्या आसपास. ठीकठाक इंटरकूलर त्या वाढीतला पाऊण भाग काढून घेतो, मग ५० ते ५५ उरतात. इंटरकूलर नसेल तर ११० अंशांची हवा थेट सिलिंडरमध्ये. घनता गेली ती गेलीच, वर नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून बसणारे ठोके).

०.४ बारला इंटरकूलरशिवाय लोक चालवतात. घाटात, उन्हात, लांब चढावर टायमिंग (ठिणगीची वेळ) इतकं मागे घ्यावं लागतं की टर्बो लावून मिळवलं काय, हा प्रश्न पडतो.

इंजेक्टर: तासाला ५० किलो पेट्रोल म्हणजे ६७ लिटर, मिनिटाला सुमारे ११२० सीसी. चौघांत वाटले तर २८० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून २८० भागिले ०.८, ३५० सीसी. ही किमान मर्यादा. मूळचे अडीचशेच्या आसपास आहेत, ते बाद.

वंगणवाला
यात इथेनॉल धरलंय का? पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळत असेल तर त्याचं आदर्श मिश्रण १४.७ ला नाही, १३.५ च्या आसपास असतं. तेवढ्याच हवेला ८–९ टक्के इंधन जास्त.

गणिती
बरोबर, धरलेलं नव्हतं. ३५० चे ३८० होतात. म्हणून ४५० ते ५५० सीसी घ्या. हाय इंपीडन्सचेच घ्या (१२ ओहम किंवा वर), मूळ वायरिंगवर तेच चालतात. विकणाऱ्याकडून डेड टाइमचा (वीज मिळाल्यापासून इंजेक्टर उघडेपर्यंतच्या वेळाचा) तक्ता मागा, ८ ते १५ व्होल्टपर्यंतचा. तो नसेल तर स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. आयडलला इंजेक्टर जेमतेम २ मिलिसेकंद उघडतो आणि त्यातला जवळपास अर्धा वेळ डेड टाइम असतो. तो आकडा चुकला की हेडलाइट लावल्यावर व्होल्टेज पडतं आणि गाडी आयडलला बंद पडते. मग लोक आयडल व्हॉल्व्ह धूत बसतात.

पंप: तासाला १९० लिटरचा पुरे. २५५ चा बसवला तर मूळ रेग्युलेटरला एवढं पेट्रोल परत पाठवता येत नाही आणि आयडलला रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब ३ बारच्या वर चढून बसतो. ‘मोठा तो चांगला’ हा नियम इथे उलटा पडतो. रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी मात्र थेट मॅनिफोल्डला जोडा, मधला सोलेनॉइड काढून. ०.७ बार बूस्टला रेलमध्ये ३.७ बार हवेत, तरच इंजेक्टरच्या दोन्ही टोकांतला फरक ३ बार राहतो.

ईसीयूवाला
मूळ ईसीयूवर भागत नाही. कारणं तीन.

मूळ हवामापक (१.८ मध्ये हॉट वायर, १.६ मध्ये पाखाचा) एका मर्यादेनंतर शेंड्याला टेकतो. पुढे हवा वाढली तरी ईसीयूला ती दिसतच नाही. दुसरं, ईसीयूला बूस्ट म्हणजे काय हेच माहीत नाही, टायमिंगचा तक्ता वातावरणाच्या दाबाला संपतो. तिसरं, मोठ्या इंजेक्टरची नोंद करायला त्यात जागा नाही.

जुन्या किटमध्ये बूस्ट वाढला की रेलचा दाब भरमसाठ वाढवणारा रेग्युलेटर देत. मूळ इंजेक्टरमधूनच जास्त पेट्रोल ढकलायचं. त्याने मिश्रण कधी काळं (पेट्रोल जास्त), कधी कोरडं (पेट्रोल कमी). टायमिंग तसंच. आता तो मार्ग नको.

स्टँडअलोन घ्या, म्हणजे मूळच्या जागी स्वतंत्र ईसीयू. मेगास्क्वर्टच्या जातीतला, मूळ सॉकेटमध्ये बसणारा असेल तर वायरिंग कापावी लागत नाही. २.५ ते ३ बारचा मॅप सेन्सर (मॅनिफोल्डचा दाब मोजणारा), इंटरकूलरनंतर हवेच्या तापमानाचा सेन्सर, वाइडबँड (मिश्रण मोजणारा ऑक्सिजन सेन्सर). हवामापक मग काढूनच टाका.

तापमानाचा सेन्सर इंटेक मॅनिफोल्डच्या धातूत बसवू नका. सिग्नलला थांबलात की धातू तापतो, सेन्सर ७० अंश दाखवतो, ईसीयू पेट्रोल कमी करतो आणि निघताना गाडी कोरडी पडते. थ्रॉटलच्या आधीच्या पाइपात, उघड्या टोकाचा सेन्सर लावा.

सायलेन्सर
पिगीबॅकने काम होतं हो. ०.४ बारवर कित्येक गाड्या चालतात. उगाच स्टँडअलोनचा खर्च कशाला?

ईसीयूवाला
चालतात, नाकारत नाही. पिगीबॅक हवामापकाचा सिग्नल खोटा करून पेट्रोल कमीजास्त करतो आणि कॅम अँगल सेन्सरचा सिग्नल उशिरा देऊन टायमिंग मागे घेतो. मूळ ईसीयू मात्र ऑक्सिजन सेन्सरकडे बघून ते खोटं हळूहळू ‘सुधारत’ राहतो. महिन्याने ट्यून जागेवर नसतो. शिवाय खर्चाचं म्हणाल तर एका फुटलेल्या पिस्टनमध्ये ईसीयू निघतो.

सायलेन्सर
पटलं. ब्लो-ऑफचा (थ्रॉटल मिटताच अडकलेली हवा सोडणाऱ्या झडपेचा) आवाज तेवढा राहू द्या म्हणजे झालं. ;)

ईसीयूवाला
मॅपवर चालणाऱ्या गाडीत हवा बाहेर सोडा नाहीतर परत आत घ्या, मिश्रणाला फरक नाही. हवामापक ठेवलात तर मात्र परतच घ्यावी लागते, कारण ती हवा आधीच मोजलेली असते.

वंगणवाला
तेलाबद्दल सविस्तर लिहितो, कारण टर्बो मरतो तो बहुतेक वेळा इथेच.

पुरवठा: बीपी इंजिनात इंटेक मॅनिफोल्डखाली ऑइल प्रेशर सेंडर असतो. तो काढून तिथे टी जोडायचा, एका फाट्यावर सेंडर, दुसऱ्यावर टर्बोची नळी. तिथले आटे १/८ बीएसपीटी आहेत. बाजारात सहज मिळणारी फिटिंग १/८ एनपीटीची असते. दोन्ही दिसायला सारख्या, पण एकात इंचाला २८ आटे, दुसऱ्यात २७, आणि आट्यांचा कोनही वेगळा. चुकीची फिटिंग पहिले दोन-तीन फेरे बिनबोभाट जाते, मग जड होते. लोकांना वाटतं घट्ट बसतेय. प्रत्यक्षात ब्लॉकचे आटे सोलले जात असतात. तिथे पाना घालायलाही जागा नाही, म्हणून हाताला जड लागताच थांबा आणि आटे मोजा. टी थेट ब्लॉकवर लटकत ठेवू नका, इंजिनच्या थरथरीने मान तुटते. छोटी लवचिक नळी काढून टी बॉडीला क्लॅम्प करा.

बॉल बेअरिंग टर्बोला तेल कमी लागतं. तोंडाशी दाब ३ बारच्या वर जाऊ नये. थंड इंजिन ५–६ बार देतं. म्हणून टर्बोच्या तोंडावर १ मिमी भोकाचा रिस्ट्रिक्टर हवाच. साध्या जर्नल बेअरिंगच्या टर्बोला तोच लावलात तर बेअरिंग उपाशी मरेल.

परतीचा मार्ग: इथे दाब नसतो, तेल फेसाळ होऊन नुसत्या वजनाने खाली येतं. नळीचा आतला व्यास किमान १३ मिमी, १६ असेल तर उत्तम. उतार सतत खाली, उभ्या रेषेपासून ३५ अंशांपेक्षा जास्त कललेली नको, मध्ये पोट पडलेलं तर अजिबात नको. चेंबरमध्ये ती तेलाच्या पातळीच्या वर शिरली पाहिजे. खाली शिरली तर तेल तुंबतं, सीलमधून टर्बाइनमध्ये जातं आणि मागून निळा धूर.

चेंबर गाडीवर ठेवूनच भोक पाडता येतं, उतरवायला सबफ्रेम खाली घ्यावी लागते म्हणून बरेच जण तसंच करतात. ड्रिलला आणि टॅपला भरपूर ग्रीस लावायचं, दर दोन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसायचं. आरपार होण्याच्या बेताला तेलाच्या तोंडातून हलकी हवा सोडली तर चुरा बाहेर येतो. नंतर स्वस्त तेल ओतून खालून वाहू द्या. माझं मत विचाराल तर चेंबर काढून पक्कं वेल्डिंग केलेलं चांगलं.

तेलाच्या फ्लँजना सिलिकॉन लावू नका. त्याचा दाण्याएवढा तुकडा १ मिमीचं भोक बंद करायला पुरेसा आहे.

नटबोल्ट
+१. पाण्याचंही लिहा. काही जण बॉल बेअरिंग टर्बोला पाणी जोडतच नाहीत.

वंगणवाला
जोडलंच पाहिजे. इंजिन चालू असताना तेल उष्णता नेतं, पाण्याचं खरं काम इंजिन बंद केल्यावर सुरू होतं. टर्बाइनची उष्णता मधल्या बॉडीत चढते तेव्हा तेल थांबलेलं असतं, जागेवर जळून कोळसा होतो. पाणी मात्र गरम होऊन आपोआप वर सरकतं आणि थंड पाणी खालून येतं. त्यासाठी एक पाण्याचं तोंड दुसऱ्यापेक्षा वर हवं, मधली बॉडी साधारण २० अंश फिरवून बसवा. तेलाचं परतीचं तोंड मात्र ३५ अंशांच्या मर्यादेत राहिलं पाहिजे, दोन्ही एकदम साधतं. बँजोचे तांब्याचे वायसर नवेच वापरा.

रेडिएटर
पाण्याचा विषय निघालाच आहे तर. हे इंजिन मुळात आडवं बसणाऱ्या गाड्यांसाठीचं. एमएक्स-५ मध्ये उभं बसवताना पाण्याचं बाहेर पडायचं तोंड मागून पुढे आणलं. त्यामुळे पाणी पुढून शिरतं आणि पुढूनच निघतं, चौथ्या सिलिंडरपाशी हेड सगळ्यात गरम. मूळ १३० एचपीला चालून जातं. २०० ला नॉकिंग आधी चौथ्याला होतं आणि तापमानाचा काटा मात्र शांत असतो, कारण सेन्सर आणि काटा दोन्ही आळशी. रोजच्या वापराला हे चालेल, पण ट्रॅकवर न्यायची असेल तर थर्मोस्टॅट हेडच्या मागच्या टोकाला नेणारं रीरूट किट लावा.

इंटरकूलर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणून रेडिएटरला गरम हवा मिळते. दोन्हीच्या बाजूच्या फटी फोमने किंवा पत्र्याने बंद करा, नाहीतर हवा सोपा रस्ता बघून बाजूने निघून जाते. इंजिनखालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून फेकू नका, त्याच्यामुळेच हवा रेडिएटरमधून जाते.

हेडलाइट
पाइपांचा व्यास किती ठेवू? ६३ मिमी बघतोय.

रेडिएटर
५१ ते ५७ पुरे. थ्रॉटलच ५५ मिमीचं आहे, त्याआधी ६३ चा पाइप म्हणजे भरायला जास्त हवा आणि बूस्टला उशीर. पाइपच्या टोकाला मणी पाडलेला हवा, गुळगुळीत टोकावरून होज निसटते. जोडल्यावर टर्बोच्या तोंडाला बूच लावून ०.७ बार हवा भरा आणि सांध्यांना साबणाचं पाणी लावा. इंजेक्टरच्या रबरी रिंगा आणि थ्रॉटलचा दांडा हमखास सुटतात. हवा भरताना तेलाचं झाकण उघडं ठेवा.

नटबोल्ट
‘सगळ्यात आधी कुठला भाग दगा देतो’ याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. टर्बो आणि मॅनिफोल्डमधले चार स्टड.

टी२५ फ्लँजला ८ मिमीचे स्टड असतात. बिडाचा मॅनिफोल्ड लाल होतो, स्टड तापून किंचित लांबतात आणि थंड झाल्यावर पूर्ण परत येत नाहीत. दर वेळी ताण थोडा कमी. मग नट सैल, गॅस्केटमधून फुसफुस, टर्बो हलायला लागतो आणि हलणारा टर्बो उरलेले स्टड तोडतो. स्प्रिंग वायसर इथे निरुपयोगी, त्या तापमानाला त्यातला ताण मरतो. नायलॉनचे लॉकनट तर वितळतील.

उपाय: मॅनिफोल्डला १० मिमीचे आटे पाडा आणि इनकोनेलचे स्टड लावा. इनकोनेल तापूनही कायमचं लांबत नाही, म्हणून त्याची किंमत. सोबत पत्र्याची लॉकिंग टॅब. आणि टर्बोपासून ब्लॉकपर्यंत एक आधार द्या, एवढं जड लोढणं नुसत्या मॅनिफोल्डवर लटकू नये. डाउनपाइपमध्ये फ्लेक्सचा तुकडा घाला. इंजिन डोलतं, सायलेन्सर बॉडीला टांगलेला, मधला ताण शेवटी त्याच चार स्टडवर येतो.

पहिल्या १०० किमीनंतर पूर्ण थंड इंजिनवर पुन्हा आवळा. ५०० ला परत बघा.

डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत आणखी एक. टर्बो, स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेक मास्टर सिलिंडर एकाच बाजूला येतात. डाउनपाइप घेण्याआधी तो तुमच्या बाजूच्या स्टिअरिंगला बसतो का, ते विचारा. टर्बाइनला ब्लँकेट, मास्टर सिलिंडरपुढे पत्र्याची ढाल, क्लचच्या नळीला उष्णतारोधक पट्टी. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल तळाला जातो, तिथे चालढकल नको.

सायलेन्सर
मॅनिफोल्डलाच पट्टी गुंडाळली तर?

नटबोल्ट
बिडाच्या मॅनिफोल्डला नको. आत उष्णता कोंडते, तडे लवकर जातात. पातळ नळ्यांच्या मॅनिफोल्डचं तर त्याहून वाईट. डाउनपाइपला गुंडाळा, हरकत नाही.

वंगणवाला
पीसीव्ही (ऑइल चेंबरमधला वायू परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) विसरू नका. मूळ गाडीत व्हॉल्व्ह कव्हरमधला पीसीव्ही इंटेक मॅनिफोल्डला जोडलेला असतो. बूस्टमध्ये तिथे दाब उलटा होतो. व्हॉल्व्ह जुना असेल तर पूर्ण बंद होत नाही आणि ०.७ बार थेट ऑइल चेंबरमध्ये. डिपस्टिक उडून बॉनेटला लागते, हे पहिलं लक्षण. नवा व्हॉल्व्ह घाला आणि मागे एक चांगला एकदिशा व्हॉल्व्ह. दुसरी ब्रीदरची नळी कॅच कॅनमधून (तेल अडवणाऱ्या डब्यातून) टर्बोच्या आधीच्या पाइपात, म्हणजे फिल्टर आणि टर्बोच्या मध्ये.

गणिती
आता रॉड. ‘किती एचपी सहन होतील’ असं विचारलं जातं, पण रॉड वाकतो टॉर्कने. ६५०० ला २०० एचपी म्हणजे फक्त २१९ न्यूटन-मीटर. तोच बूस्ट ४००० ला मिळाला तर २४० च्या आसपास जाल. इथवर काळजी नाही. मूळ रॉडवर चाकांपाशी ३०० च्या पुढे मी जाणार नाही, आणि ३००० आरपीएमखाली पूर्ण बूस्ट तर नकोच. कमी आरपीएमला सिलिंडरमधला दाब जास्त वेळ टिकतो. पाचव्या गिअरमध्ये २५०० ला दाबून धरायची सवय मोडा.

पिस्टन आणि रिंगांचं वेगळं. रिंगेच्या दोन टोकांतली फट साध्या इंजिनाच्या हिशोबाने ठेवलेली असते. मिश्रण कोरडं पडून रिंग जास्त तापली की टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठ तुटतो. म्हणजे मूळ इंजिनची खरी मर्यादा ट्यूनवर ठरते.

बूस्टचं: सुरुवातीला सोलेनॉइड न जोडता फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगवर, ०.४ ते ०.५ बार. नळी कॉम्प्रेसरच्या तोंडावरून घ्या, मॅनिफोल्डवरून नको. दांडा जोडताना १–२ मिमी ताण ठेवा. ढिला ठेवलात तर झडप आधीच उघडते आणि बूस्ट उशिरा येतो. ईसीयूमध्ये ०.८ बारला पेट्रोल तोडायची मर्यादा घाला. आरपीएम वाढेल तसा बूस्ट आपोआप चढत गेला तर वेस्टगेटचं भोक पुरत नाही, ते घासून मोठं करावं लागतं. मोकळ्या सायलेन्सरवर हे जास्त दिसतं.

रेडिएटर
क्लच? गिअरबॉक्स?

नटबोल्ट
१.८ चा क्लच २१५ मिमीचा, नव्यासारखा असेल तर २४० न्यूटन-मीटरला काठावर टिकतो. जुना असेल तर चौथ्या गिअरमध्ये बूस्ट येताच आरपीएम वर जाईल, वेग नाही. १.६ वाल्यांचा क्लच २०० मिमीचा आणि डिफरन्शियलही लहान, ते दोन्ही बदलावेच लागतात. पाच गिअरचा बॉक्स २०० एचपीला ठीक, पण गाडी उभी असताना क्लच आपटून सोडू नका.

ईसीयूवाला
पहिल्यांदा सुरू करायचा क्रम. यात घाई नको.

१. नवं तेल, नवा फिल्टर. टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडं तेल ओतून चाक हाताने फिरवा.
२. इंजेक्टर आणि कॉइलचे सॉकेट काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर दिसेपर्यंत. मध्ये स्टार्टरला थंड होऊ द्या.
३. परतीची नळी क्षणभर काढून तेल खरंच येतंय का बघा, खाली भांडं धरून.
४. सॉकेट जोडा, किल्ली फिरवून पंप चालवा, रेलवर गळती तपासा.
५. सुरू झाल्यावर टायमिंग लाइट लावा. ईसीयूला १० अंशांवर स्थिर करा आणि पुलीवर १० च दिसतात का बघा. ही पायरी टाळलेल्या गाड्या नंतर ‘कारण नसताना’ फुटतात. ईसीयू १४ म्हणतोय आणि इंजिन २० वर चालतंय, तर तक्ता कितीही सुरक्षित असून उपयोग शून्य.
६. रेडिएटरचा पंखा दोनदा चालू होऊन बंद होईपर्यंत आयडलला ठेवा, गळती बघा, बंद करा, पूर्ण थंड झाल्यावर स्टड आवळा.

वाइडबँड टर्बोच्या नंतर, ४५ ते ६० सेमी अंतरावर, आडव्या रेषेपेक्षा किमान १० अंश वर कललेला. टर्बोच्या आधी लावला तर तिथला दाब वाचन बिघडवतो आणि उष्णता सेन्सर मारते. खाली कलला तर पहिल्या थंड सुरुवातीला पाण्याच्या थेंबाने तडकतो.

हेडलाइट
ट्यूनिंगचे सुरुवातीचे आकडे देता का? प्लग कोणते?

ईसीयूवाला
प्लग एनजीके बीकेआर७ई, फट ०.७ मिमी. मूळचे ५ नंबरचे, १.१ फटीचे असतात. एनजीकेमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड. फट मोठी राहिली तर बूस्टमध्ये ठिणगी विझते आणि गाडी तुटक ओढते. लोकांना ते पेट्रोल संपल्यासारखं वाटतं.

मिश्रण शुद्ध पेट्रोलच्या आकड्यात: क्रूझला १४.७, बूस्ट सुरू होताना १२.५, ०.५ बारच्या वर ११.५ ते ११.८. इथेनॉलच्या पेट्रोलला लॅम्बडामध्ये (प्रत्यक्ष मिश्रण भागिले आदर्श मिश्रण) वाचा, पूर्ण बूस्टला ०.७८ ते ०.८०, म्हणजे घोळ होत नाही.

टायमिंग: वातावरणाच्या दाबाला जे चालतं त्यातून दर ०.०७ बारला १ अंश मागे. ९५ ऑक्टेनवर ०.७ बारला टॉर्कच्या शिखरापाशी १२ अंशांपासून सुरू करा, ६५०० ला १७–१८. तिथून डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) एकेक अंश पुढे. एक अंश वाढवून टॉर्क वाढला नाही तर मागे या, नॉकिंग ऐकू येण्याची वाट बघायची नसते. हवा ५० अंशांच्या वर गेली की दर १० अंशांना १–२ अंश मागे घेणारा तक्ता भरा.

या इंजिनला नॉक सेन्सर नाही. ब्लॉकला तांब्याची चपटी केलेली नळी बोल्टने लावून तिला रबरी नळी आणि हेडफोन जोडतात, ते स्वस्तात काम करतं. नॉकिंग खडे आपटल्यासारखं स्पष्ट ऐकू येतं.

हेडलाइट
शेवटचा प्रश्न. आयडलला थोडा वेळ उभी राहिली की निळा धूर, चालताना काही नाही, असं झालं तर टर्बो गेला समजायचं का?

वंगणवाला
लगेच नाही. क्रमाने बघा. आधी परतीची नळी: वाकलीय का, चेंबरमधलं भोक पातळीच्या खाली गेलंय का, तेल जास्त भरलंय का. मग ब्रीदर: तेलाचं झाकण सैल करून ठेवलं आणि धूर कमी झाला तर चेंबरमध्ये दाब साठतोय, दोष टर्बोचा नाही. मग रिस्ट्रिक्टर बसवलाय की नाही ते बघा. या तिन्हींत काही सापडलं नाही तर कॉम्प्रेसरकडचा पाइप काढून दांडा हलवा. बॉल बेअरिंगमध्ये आडवा खेळ जवळपास जाणवतच नाही. चाक भिंतीला घासलेल्या खुणा दिसल्या तर टर्बो उतरवा.

हेडलाइट
आभार सगळ्यांचे. लीकडाउन करून चारही आकडे इथेच टाकतो, मग इंजेक्टर मागवतो.

नटबोल्ट
आकड्यांसोबत चारही प्लगचे फोटो टाका, कुठला कितव्या सिलिंडरचा ते लिहून. चौथ्याचा जरा जवळून काढा.